एक्सप्लोरच्या बातम्या वाचल्या, पण तीन होस्टवाल्यांनी आता काय करायचं?

शिरोलीकर

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत आयटी बघतो, म्हणजे सर्व्हर, नेटवर्क, प्रिंटर, कॅमेरे सगळंच, हाताखाली एक ज्युनिअर मुलगा आहे. ऑगस्ट २०२५ च्या शेवटी लास व्हेगासला व्हीएमवेअर एक्सप्लोर (व्हीएमवेअरची वार्षिक कॉन्फरन्स) झालं त्याच्या बातम्या वाचल्या, की-नोट पण बघितली. व्हीसीएफ ९ (व्हीएमवेअर क्लाउड फाउंडेशन, त्यांचा सगळ्यात मोठा पॅक), प्रायव्हेट एआय, वॉलमार्टशी करार, कॅनॉनिकलशी करार. मोठ्या लोकांचं चांगलं आहे, पण आमच्यासारख्या तीन होस्टच्या (होस्ट म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा सर्व्हर) सेटअपला त्यातलं नेमकं काय लागू होतं ते कोणी सांगेल का.

आमच्याकडे तीन होस्ट आहेत, प्रत्येकी दोन सॉकेट, म्हणजे दोन प्रोसेसर. दोघांत झिऑन सिल्व्हर ४२१०, तिसरा जुना आहे, ई५-२६४० व्ही४. मागे एक आयस्कझी सॅन (तिन्ही होस्टचं नेटवर्कवरचं सामायिक स्टोरेज). व्हीस्फिअर ७ (व्हीएमवेअरचं मुख्य सॉफ्टवेअर), इसेन्शियल्स प्लस या छोट्या पॅकचं जुनं पर्पेच्युअल (एकदा घेतलं की कायमचं) लायसन. साधारण पंचवीस व्हीएम (व्हर्च्युअल मशीन), त्यात ईआरपीचा एसक्यूएल, टॅली, फाईल सर्व्हर, दोन डोमेन कंट्रोलर (सगळ्यांची लॉगिन सांभाळणारे), आणि कास्टिंग सिम्युलेशनचा एक लायसन सर्व्हर जो यूएसबी डोंगलवर (लायसनची किल्ली) चालतो. शिवाय चाळीस डेस्कटॉप, सगळे विंडोज १० वर, त्यातले निम्मे तरी ११ घेणार नाहीत.

आता अडचण अशी की व्हीस्फिअर ७ चा सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपतोय आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबरला, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर दोन्ही एकदम, आणि मालकांना मला या महिन्यात लेखी द्यायचंय की कुठे जायचं. व्हीएमवेअरच ठेवू, लिनक्सवरचं प्रॉक्समॉक्स घेऊ, की मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही? आणि डेस्कटॉप सर्व्हरवर नेण्यात अर्थ आहे का? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगावं ही विनंती.

बे_एरियातला_सातारकर

शिरोलीकर, मी यंदा एक्सप्लोरला होतो, कंपनीने पाठवलं होतं, म्हणून आधी तिथलं सांगतो. तुम्हाला जे वाटलं ते खरंच आहे, कॉन्फरन्सचा सगळा रोख मोठ्या कंपन्यांच्या प्रायव्हेट क्लाउडवर होता. २०२४ ला हॉक टॅन (व्हीएमवेअर विकत घेतलेल्या ब्रॉडकॉमचे सीईओ) यांनी जी लाईन धरली होती, की वर्कलोड पब्लिक क्लाउडमधून परत आपल्या डेटा सेंटरमध्ये आणा, तीच यंदा एआय लावून पुढे नेली. व्हीसीएफ ९ जूनमध्येच आलं होतं, एक्सप्लोरला त्यात भर घातली: प्रायव्हेट एआयच्या सर्व्हिसेस वेगळ्या विकत न घेता व्हीसीएफमध्येच मिळणार, व्हीसॅनमध्ये (होस्टमधल्याच डिस्क जोडून केलेलं स्टोरेज) थेट एस३ पद्धतीचं ऑब्जेक्ट स्टोरेज येणार, उबंटूचे कंटेनर कॅनॉनिकलच्या सपोर्टसकट. हे ज्यांच्याकडे शेकडो होस्ट आणि डेव्हलपरच्या टीम आहेत त्यांच्या कामाचं.

तुमच्या कामाची मला एकच गोष्ट वाटली ती म्हणजे मेमरी टिअरिंग. होस्टमध्ये एनव्हीएमई ड्राईव्ह (वेगवान एसएसडी) टाकायचा आणि ईएसएक्स (होस्टवरचं मूळ सॉफ्टवेअर; ९ पासून नावातला शेवटचा आय काढलाय, परत ईएसएक्स झालंय) मेमरीचा जो भाग बराच वेळ वापरला नाही तो तिकडे सरकवतो. ८ अपडेट ३ मध्ये हे फक्त प्रीव्ह्यू होतं आणि रॅमच्या पाव पट मिळायचं, ९ मध्ये पक्कं फीचर झालंय आणि डिफॉल्ट एकास एक आहे, म्हणजे २५६ जीबी रॅमचा होस्ट ५१२ चा दिसतो. ज्या व्हीएम दिवसभर नुसत्या उभ्या असतात, टॅली म्हणा, डोमेन कंट्रोलर म्हणा, त्यांना फरक कळणार पण नाही. एसक्यूएलच्या बाबतीत मात्र मोजून बघितल्याशिवाय मी चालू करणार नाही.

पण तुमच्या तिसऱ्या होस्टचं काय? २६४० व्ही४ म्हणजे इंटेलची जुनी ब्रॉडवेल पिढी, ९ मध्ये त्याचा सपोर्ट काढलाय. ८ पर्यंतच चालेल.

पॅच_मंगळवार

मी पुण्यात एका सर्व्हिस प्रोव्हायडरकडे आहे, हे हिशोब रोज करतो, तर आकड्यांनी बोलू. तुमचं इसेन्शियल्स प्लस तीन होस्ट आणि सहा प्रोसेसरसाठी होतं, प्रत्येक प्रोसेसरला ३२ पर्यंत कितीही कोर असोत. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतलं, डिसेंबरमध्ये पर्पेच्युअल विकणं बंद केलं, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात इसेन्शियल्स प्लस पण यादीतून गेलं. आता सगळं कोरवर आणि सबस्क्रिप्शनवर. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, प्रत्येक प्रोसेसरला कमीत कमी १६ कोर मोजतात. तुमचे सगळे प्रोसेसर १० कोरचे आहेत. म्हणजे प्रत्यक्षात ३ गुणिले २ गुणिले १०, ६० कोर, पण लायसन ३ गुणिले २ गुणिले १६, ९६ कोरचं. वापरात नसलेल्या ३६ कोरचे पैसे दरवर्षी भरायचे. कमी कोरचे दोन-दोन प्रोसेसर घ्यायची आपल्याकडची जुनी पद्धत होती, तेव्हा ती बरोबरच होती, पण या हिशोबात ती सगळ्यात महाग पडते. नवीन होस्ट घेणार असाल तर एका सॉकेटचा ३२ कोरवाला बघा, तेवढ्याच लायसनमध्ये दीडपटीहून जास्त कोर.

दुसरं, ९ हे व्हीसीएफ आणि व्हीव्हीएफमध्येच (व्हीस्फिअर फाउंडेशन, त्याच्या खालचा पॅक) मिळतं, नुसतं व्हीस्फिअर स्टँडर्ड घेतलं तर ८ वरच राहता. ते वाईट नाही, ८ ला ११ ऑक्टोबर २०२७ पर्यंत सपोर्ट आहे आणि तुमचा जुना होस्ट पण तोवर चालतो. रिसेलरकडून कुठला पॅक, किती कोर, किती वर्षं हे लेखी घ्या, फोनवरच्या बोलण्यावर मालकांना आकडा देऊ नका.

आणि काहीही न करता ७ वरच राहायचा विचार कोणी सुचवत असेल तर प्लीज ऐकू नका. मार्च २०२५ मध्येच ईएसएक्सच्या अशा त्रुटींचे पॅच आले होते की व्हीएमच्या आतून हल्लेखोर थेट होस्टवर पोचू शकतो, आणि त्या पॅच यायच्या आधीच वापरात होत्या. २०२३ च्या फेब्रुवारीत ईएसएक्सआय-आर्ग्स नावाच्या रॅन्समवेअरने जुने, पॅच न केलेले होस्ट इंटरनेटवर शोधून शोधून लॉक केले. एक होस्ट गेला की त्यावरच्या सगळ्या व्हीएम गेल्या, हे फाउंड्रीत डिस्पॅच थांबल्यावर कळून उपयोग नाही.

गुहागर_०७

फ्री ईएसएक्सआय परत आलंय की, एप्रिलमध्ये ८ अपडेट ३ई बरोबर. तीन होस्टला तेच टाका, पैसेच नकोत.

पॅच_मंगळवार

@गुहागर_०७ घरी शिकायला एकदम मस्त, पण यांना चालणार नाही. फ्री वाल्याला व्हीसेंटर (सगळे होस्ट एकत्र सांभाळणारं) जोडता येत नाही, म्हणजे व्हीमोशन (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर सरकवणं) नाही, एचए (होस्ट पडला की व्हीएम दुसरीकडे आपोआप सुरू होणं) नाही, आणि बॅकअप सॉफ्टवेअरला लागणारं एपीआय बंद असतं. पंचवीस व्हीएम आणि ईआरपी असताना बॅकअपशिवाय एक रात्र पण नको.

सर्व्हररूम_सांगली

शिरोलीकर दादा, तुमच्यापासून तासाभरावर आहे मी. एका सहकारी संस्थेचं बघतो, आम्ही व्हीएमवेअरवरून प्रॉक्समॉक्सवर आलोय आणि रोज त्यावर काम चाललंय, तर जे खरं आहे ते सांगतो, चांगलं वाईट दोन्ही.

हलवणं सोपं झालंय हे खरं. २०२४ पासून प्रॉक्समॉक्समध्ये इम्पोर्ट विझार्ड आहे, ईएसएक्सआय होस्टला एखाद्या स्टोरेजसारखं जोडायचं, व्हीएमची यादी दिसते, निवडायचं आणि ओढायचं. पण विंडोजच्या व्हीएमसाठी आधी तयारी करा नाहीतर बूटच होणार नाही. क्रम असा ठेवा: व्हीएम अजून व्हीएमवेअरवर असतानाच व्हीएमवेअर टूल्स काढून टाका (नंतर काढायला गेलं की अनइन्स्टॉलरच म्हणतो मी व्हीएमवेअरवर नाही आणि अडून बसतो), आयपी, गेटवे, डीएनएस सगळं कागदावर लिहून ठेवा कारण पलीकडे नेटवर्क कार्ड नवीन दिसतं आणि जुना स्टॅटिक आयपी लपलेल्या कार्डाला चिकटून राहतो. इम्पोर्ट करताना डिस्क साटावर ठेवा, बूट करा, मग एक जीबीची रिकामी डिस्क व्हर्टआयओवर (प्रॉक्समॉक्सची वेगवान व्हर्च्युअल डिस्कची पद्धत) जोडा, ड्रायव्हर टाका, विंडोजला ती डिस्क दिसली की बंद करून मुख्य डिस्क व्हर्टआयओवर न्या. हे केलं नाही की निळी स्क्रीन येते, बूट डिव्हाईस सापडत नाही म्हणून. लिनक्सला सहसा काही लागत नाही, फक्त इंटरफेसचं नाव बदलतं.

आता तुमचं घोडं पेंड खाणार ते सॅनवर. व्हीएमवेअरमध्ये व्हीएमएफएस ही फाईल सिस्टीम होती, तिन्ही होस्ट एकाच लनवर (सॅनमधला डिस्कचा तुकडा) बिनधास्त लिहायचे आणि स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची स्थिती, जिथे परत जाता येतं) पण मिळायचे. प्रॉक्समॉक्समध्ये आयस्कझी सॅनवर शेअर्ड एलव्हीएम (लिनक्सची डिस्क वाटायची पद्धत) करता येतं, लाइव्ह मायग्रेशन (व्हीमोशनसारखंच) चालतं, एचए चालतं, पण स्नॅपशॉट मिळत नव्हते. ऑगस्टमध्ये व्हर्जन ९ आलं त्यात पहिल्यांदा दिलेत, पण अजून टेक्नॉलॉजी प्रीव्ह्यू म्हणून, तर एसक्यूएलच्या व्हीएमवर त्याच्या भरवशावर राहू नका. दुसरा मार्ग म्हणजे सॅन सोडून सेफ (Ceph, सगळ्या होस्टच्या डिस्क मिळून एक स्टोरेज करणारं). त्याला तीन नोड, म्हणजे होस्ट, लागतात, ते तुमच्याकडे आहेत, पण प्रत्येकात चांगल्या एसएसडी आणि स्टोरेजसाठी वेगळं निदान १० गिगाबिटचं नेटवर्क हवं, आणि तीनच नोड असले की एक बंद पडल्यावर डेटाची तिसरी प्रत ठेवायला जागा उरत नाही. आम्ही सॅन ठेवून एलव्हीएम घेतलं आणि स्नॅपशॉटची गरज प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरवर भागवतो. अपडेट मारायच्या आधी बॅकअप. व्हीएम चालू असेपर्यंत बदललेले ब्लॉकच वाचतो म्हणून मिनिटांत होतं, पण व्हीएम पूर्ण बंद करून चालू केली की पुढच्या वेळी सगळी डिस्क परत वाचतो, त्या रात्री वेळ लागतो. घाबरायचं नाही, ते तसंच आहे. आधीपासून वीम हे बॅकअप सॉफ्टवेअर वापरत असाल तर १२.२ पासून तो पण प्रॉक्समॉक्स घेतो.

सपोर्टचं सबस्क्रिप्शन सॉकेटवर आहे, कोरवर नाही, त्यामुळे पॅच भाऊंनी सांगितलेला ९६ चा प्रश्न इथे येत नाही. पण कंपनी व्हिएन्नाची आहे, सपोर्ट त्यांच्या ऑफिसच्या वेळेत मिळतो, आपल्याकडे दुपार झाल्यावर त्यांची सकाळ होते. रात्री दोनला होस्ट पडला तर तुम्ही आणि तुमचा तो मुलगा. म्हणून लिनक्स हातात बसलेलं पाहिजे, नुसतं माऊसवर चालत नाही.

नाशिकरोड_अ‍ॅडमिन

मी हायपर-व्हीची बाजू घेतो कारण इथे कोणी घेणार नाही असं दिसतंय. शिरोलीकर, तुमच्या पंचवीसपैकी किती विंडोज सर्व्हर आहेत? वीसेक असतील तर विंडोज सर्व्हर डेटासेंटरचं लायसन हिशोबात घ्या. स्टँडर्डमध्ये एका होस्टचे सगळे कोर भरले की दोनच व्हीएम चालवता येतात, आणि लाइव्ह मायग्रेशन करायचं म्हटलं तर दुसऱ्या होस्टवर पण तेवढ्या व्हीएमचं लायसन लागतं. डेटासेंटरमध्ये व्हीएमला मर्यादा नाही. हे विंडोजचं लायसन तुम्हाला प्रॉक्समॉक्सवर गेलात तरी लागतंच! खूप जण विसरतात. मग हायपर-व्ही त्यातच येतो, वेगळा पैसा नाही.

आणि तुमचं सॅन त्याला चालतं. क्लस्टर शेअर्ड व्हॉल्यूम करायचं, तिन्ही होस्ट एकदम लिहितात, चेकपॉइंट (हायपर-व्हीतले स्नॅपशॉट) मिळतात, काही प्रीव्ह्यू नाही. २०२५ व्हर्जनमध्ये डोमेनशिवाय वर्कग्रुप क्लस्टरला पण लाइव्ह मायग्रेशन सर्टिफिकेटवर होतं, त्यामुळे क्लस्टर सुरू व्हायला डोमेन पाहिजे आणि डोमेन कंट्रोलर मात्र त्याच क्लस्टरच्या आत, ही जुनी पंचाईत गेली. मायक्रोसॉफ्टने ऑगस्टमध्ये विंडोज अ‍ॅडमिन सेंटरसाठी व्हीएमवेअरमधून व्हीएम बदलून आणायचं एक्स्टेंशन पण दिलंय, फुकट आहे, अजून प्रीव्ह्यू आहे, तर आधी कमी महत्त्वाच्या व्हीएमवर बघा. एक लक्षात ठेवा, जुन्या बायोसवर बनवलेली व्हीएम जनरेशन १ मध्येच (हायपर-व्हीचा जुना प्रकार) येईल.

न्युटानिक्स या आणखी एका पर्यायाचं पण नाव निघेल म्हणून सांगतो, मे महिन्यात वॉशिंग्टनला त्यांची नेक्स्ट कॉन्फरन्स झाली, तिथे बाहेरचं स्टोरेज जोडण्यावर भर होता, डेलचं पॉवरफ्लेक्स आणि प्युअरचं फ्लॅशअ‍ॅरे. तुमचं आत्ताचं साधं आयस्कझी सॅन त्यात बसत नाही, म्हणजे सगळं नवीन घ्यावं लागेल.

शिरोलीकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी व्हेंडरने समजावलं नव्हतं. विंडोजच्या एकोणीस व्हीएम आहेत. डोंगलचं काय करू? तो सध्या दुसऱ्या होस्टच्या मागे लावलाय आणि सिम्युलेशनवाल्यांचं लायसन मॅक अ‍ॅड्रेसला पण बांधलेलं आहे असं त्यांचा इंजिनिअर म्हणाला. आणि डेस्कटॉपबद्दल अजून कोणी बोललं नाही.

सर्व्हररूम_सांगली

मॅक अ‍ॅड्रेस सोपा, इम्पोर्ट करताना जुना मॅक हाताने टाकायचा, ०० ५० ५६ ने सुरू होणारा तुमचा व्हीएमवेअरचाच चालतो, पण जुनी व्हीएम बंद असल्याची खात्री करा, एकाच नेटवर्कवर दोन सारखे मॅक आले की दोन्ही रडतात. डोंगल प्रॉक्समॉक्समध्ये यूएसबी पासथ्रू होतो, पण मग ती व्हीएम त्याच होस्टला अडकते, होस्ट पडला तर कोणीतरी उठून डोंगल दुसरीकडे लावायचा. हायपर-व्हीमध्ये तर सर्व्हरच्या व्हीएमला असा सरळ यूएसबी देताच येत नाही, नाशिकवाले साहेब हे सांगायचं राहिलं. दोन्हीकडे चालणारा उपाय म्हणजे नेटवर्कवरचा यूएसबी डिव्हाईस सर्व्हर, छोटा डबा असतो, डोंगल त्यात, व्हीएममध्ये त्याचा ड्रायव्हर. आधी सिम्युलेशन कंपनीला मेल करून विचारा की असं चाललं तर सपोर्ट देणार का. ईआरपीवाल्यांना पण तेच विचारा, कुठल्या हायपरवायझरवर सपोर्ट देता ते लेखी. आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ त्या मेलच्या उत्तरातच गेला होता.

नाशिकरोड_अ‍ॅडमिन

बरोबर आहे, डोंगलला डबाच लागेल.

मुलुंड_व्हीडीआय

डेस्कटॉपचं मी सांगते, माझं रोजचं काम तेच आहे. आधी बाजार बघा: होरायझन (व्हीडीआयचं, म्हणजे डेस्कटॉप सर्व्हरवरून द्यायचं सॉफ्टवेअर) व्हीएमवेअरचं राहिलेलं नाही, केकेआर या गुंतवणूक कंपनीने घेतलं आणि जुलै २०२४ पासून ते ओम्निसा आहे. त्याच कामाचं सिट्रिक्स २०२२ मध्येच खासगी गुंतवणूकदारांकडे गेलं. मायक्रोसॉफ्टचा जोर विंडोज ३६५ वर, म्हणजे महिन्याच्या भाड्याच्या पीसीवर. चाळीस माणसांसाठी यातलं पूर्ण व्हीडीआय मी सुचवणार नाही. प्रत्येकाला विंडोज ११ ची स्वतंत्र व्हीएम द्यायची तर विंडोज एंटरप्राइझचं सबस्क्रिप्शन माणशी लागतं, वर ब्रोकरचं (माणसाला त्याच्या व्हीएमशी जोडणारं सॉफ्टवेअर) लायसन, वर स्टोरेज. पीसीच्या किमतीत बसत नाही.

तुम्ही लोकांचे गट पाडा. स्टोअर, डिस्पॅच, अकाउंट्स, गेट, ज्यांना ईआरपी, टॅली आणि एक्सेल एवढंच लागतं, त्यांच्यासाठी रिमोट डेस्कटॉपचा सेशन होस्ट. एका विंडोज सर्व्हरवर पंधरा-वीस जण आरामात, माणशी एक आरडीएस कॅल (रिमोट डेस्कटॉप वापरायचं लायसन). त्यांचे जुने पीसी फेकायचे नाहीत, त्यावरचं विंडोज १० काढून हलकं लिनक्स टाका आणि चालू केल्यावर थेट सेशन उघडेल असं ठेवा. नुसतं विंडोज १० ठेवून त्यावरून रिमोट करत राहिलात तर धोका तसाच राहतो.

यात दोन गोष्टी त्रास देतात, आधीच सांगते. एक, चलनाचे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. रिमोट सेशनमधून ईझी प्रिंटने पाठवलं की ते चित्र म्हणून छापतं, एक चलन निघायला डोक्याचा भुगा होतो आणि गेटवर ट्रक उभे. सर्व्हरवर त्या प्रिंटरचा मूळ ड्रायव्हर टाका किंवा प्रिंटर छोट्या प्रिंट सर्व्हरने नेटवर्कवर घ्या, मग टेक्स्ट मोडमध्ये पूर्वीसारखं खटाखट निघतं. दोन, मराठी टायपिंग. लिनक्सचा कीबोर्ड लेआउट आणि सेशनमधला विंडोजचा इनस्क्रिप्ट असे दोन्ही एकदम लावले तर अक्षरं बिघडतात, खाली लिनक्समध्ये फक्त इंग्रजी ठेवा आणि मराठी सेशनच्या आतच बदला.

डिझाईनवाल्यांना मात्र हात लावू नका. कॅडसाठी जीपीयू वाटून देता येतो, विंडोज सर्व्हर २०२५ मध्ये तर वाटलेल्या जीपीयूसकट लाइव्ह मायग्रेशन होतं, एनव्हिडियाची ठराविक कार्डं लागतात, पण चार-पाच सीटसाठी कार्ड आणि त्याचं लायसन घेण्यापेक्षा त्यांना विंडोज ११ ची चांगली वर्कस्टेशन घेऊन द्या, तेच स्वस्त आणि तेही खूश.

१४ ऑक्टोबरपर्यंत हे सगळं होणार नाही हे उघड आहे, तर जे पीसी राहतील त्यांना ईएसयू (सपोर्ट संपल्यावर पैसे भरून मिळणारे सिक्युरिटी अपडेट) घ्या. कंपन्यांसाठी पहिल्या वर्षी ६१ डॉलर प्रति मशीन, दुसऱ्या वर्षी दुप्पट, तिसऱ्या वर्षी त्याच्याही दुप्पट. म्हणून एकाच वर्षाचं धरा. मशीन विंडोज १० च्या २२एच२ व्हर्जनवर पाहिजेत, आजच तपासा.

बे_एरियातला_सातारकर

ताईंनी छान लिहिलंय. शिरोलीकर, मालकांना देताना एक करा, कॉन्फरन्सच्या स्लाइड जोडू नका, पॅच यांचा ९६ कोरचा हिशोब आणि तुमच्या एकोणीस विंडोज व्हीएम हे दोनच तक्ते ठेवा. तिथे हॉलमध्ये पण छोट्या सेटअपवाले बरेच भेटले, चहाच्या वेळी सगळे हेच गणित मांडत बसले होते.

शिरोलीकर

ठरलं असं: ईआरपी आणि सिम्युलेशन दोन्हीकडे आजच मेल टाकलाय. एकोणीस विंडोज व्हीएम बघता डेटासेंटरचं कोटेशन मागवतोय, तिन्ही होस्ट २०-२० कोरचे, म्हणजे ६० कोर. शेजारी व्हीस्फिअर ८ स्टँडर्डचं ९६ कोरचं कोटेशन ठेवणार. तिसऱ्या होस्टवरच्या व्हीएम दुसऱ्या दोघांवर सरकवून तो मोकळा करतोय, त्यावर आधी प्रॉक्समॉक्स ९ आणि मग हायपर-व्ही दोन्ही लावून फाईल सर्व्हरची एक कॉपी हलवून बघतो, मुलाला पण शिकायला मिळेल. डिस्पॅचचा एक पीसी या शनिवारी लिनक्सवर नेतोय, प्रिंटरसकट. सांगलीकर दादा, तुमच्याकडे एकदा येऊन सॅनचं कॉन्फिगरेशन बघितलं तर चालेल का?

सर्व्हररूम_सांगली

या की, गुरुवार सोडून कधीही. येताना सॅनचं मॉडेल आणि मल्टिपाथचं सध्याचं सेटिंग लिहून आणा.